डावीकडची खुर्ची

डोळे धडधाकट असूनही समोरचं अर्धं जग दिसत नाही, असा एक आजार असतो. मेंदूच्या डॉक्टरणीनं मला तो चित्रं काढून समजावून सांगितला. माझ्या थोरल्या बहिणीला समजावून सांगायची वेळ आली नाही. तिच्या लग्नाला तोवर पुष्कळ वर्षं झाली होती.

ताईचा नवरा शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणतात, मीही म्हणते, नाहीतर भावोजी म्हणताना माझा आवाज आपोआप चढतो. पुरुषांचे कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे मला मान्य आहे. त्यांची नजर अशी होती, की गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्यांनी माप घेतलेलं असायचं, टेप नुसती गळ्यात शोभेला. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाचा एक खांदा बोटभर खाली आहे हे त्यांना दुकानातून कळायचं. ताईचा अंगठा सुई ढकलून ढकलून वाकडा झालाय, हे मात्र जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून त्यांना कधी कळलं नाही.

ताई काजं करायची. दुकानामागच्या खोलीत, खिडकीशी खुर्ची ओढून, लग्न झाल्यापासून तेच. यंत्रानं केलेलं काज आणि हातानं केलेलं काज यात काय फरक असतो, ते ज्यांना कोट घालायला परवडतो त्यांनाच ठाऊक. कापडाला चीर द्यायची, कडेनं जाड दोरा ठेवायचा आणि रेशमी दोऱ्यानं गाठीला गाठ भिडवत सगळी कड बांधून काढायची. एक गाठ सैल पडली तर काज तोंड वेंगाडतं. पुरुषांच्या कोटाला बटणं उजव्या बाजूला असतात आणि काजं डाव्या. म्हणजे त्या दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येक कोटाची डावी बाजू माझ्या बहिणीच्या हातून गेलेली. एकदा माझ्यासमोर एका गिऱ्हाइकानं काजावरून बोट फिरवून विचारलं, "मास्तर, हे काम कोण करतं हो?" मास्तर इस्त्रीवरून मान न उचलता म्हणाले, "होतात दुकानात." पडद्यामागे ताई होती. तिला ऐकू गेलं. मी तिच्याकडे पाहिलं तर तिनं दाताखाली दोरा तोडला आणि पुढचं काज घेतलं.

मी तिच्या जागी असते तर तो दोरा मास्तरांच्या गळ्याभोवती आवळला असता. पण मी बेकरीत गल्ल्यावर बसते, दिवसभर लोकांशी तोंड वाजवते. ताई वेगळी. तिला वाटायचं, माणूस कामात आहे, मोकळा झाला की बघेल. माणूस मोकळा झालाच नाही.

मग एक दिवस मास्तर कोटाची पाठ बेतत होते, म्हणजे कापडावर खडूनं आखून कापायच्या तयारीत. रेघ मध्यापर्यंत आली आणि थांबली. भाचा, म्हणजे ताईचा मुलगा, समोरच शिलाई यंत्रावर होता. त्याला आधी वाटलं बाबा विचार करतायत. नंतर त्याच्या लक्षात आलं, की बाबांचा डावा हात टेबलावरून घसरून लोंबतोय आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही.

रक्ताची गुठळी मेंदूच्या उजव्या अर्ध्यात अडकली होती. उजवा मेंदू डावं अंग सांभाळतो, म्हणून डावा हात नि डावा पाय लुळे पडले. जीव वाचला. बोलणं शाबूत राहिलं, आणि माझं मत विचाराल तर तेवढं गेलं असतं तरी चाललं असतं.

दवाखान्यात त्यांनी नीट डोळे उघडले तेव्हा भाचा पलंगाच्या उजवीकडे उभा होता. ताई डावीकडे होती, कारण खुर्ची तिकडे होती. ती त्यांना दवाखान्यात आणल्यापासून त्या खुर्चीतून हलली नव्हती.

"तुझी आई कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"ही काय, इथंच आहे," भाचा म्हणाला.

मास्तरांनी उजवीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, परत उजवीकडे पाहिलं. "नाही आली वाटतं," ते म्हणाले.

ताई त्यांचा डावा हात हातात धरून बसली होती.

डॉक्टरीण वयानं लहान पण धीराची होती. तिनं मास्तरांना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. त्यांनी गोल छान काढला, तो त्यांच्या हातचा मळ. मग एकपासून बारापर्यंतचे सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले, आणि डावा अर्धा कोरा ठेवून कागद समाधानानं परत दिला. तिनं त्यांच्या दोन्ही हातांना एकदम बोट लावलं. "कुठं लावलं?" "उजव्या हाताला." मग नुसत्या डाव्या हाताला लावलं. मास्तर म्हणाले, "आता नाही लावलं."

बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, तुम्ही काय करता. मी सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्हाला कळेल. समजा, तुमच्या बेकरीला दोन काउंटर आहेत. दोन्हीकडे गिऱ्हाईक उभं आहे. पण तुम्हाला वाटतंय एकच काउंटर आहे. डोळे चांगले आहेत, कान चांगले आहेत, तुम्ही कामचुकारही नाही. दुसरं काउंटर तुमच्या मनातच नाही. यांचे डोळे डावीकडचं बघतात, पण मेंदू तिकडे लक्ष नेत नाही. आणि आपलं काही राहून जातंय हे कळायला मेंदूचा जो भाग लागतो, त्यालाच इजा झालीय. म्हणून त्यांना यात काही चूक आहे असं वाटतच नाही."

"डॉक्टर," मी विचारलं, "हा आजार झटका यायच्या आधीपासून असू शकतो का?"

"नाही, झटक्यामुळेच झालाय. का?"

"काही नाही," मी म्हटलं.

ताईनं माझ्याकडे डोळे वटारले. पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, ते मी पाहिलं. ते शेवटचं.

मास्तरांना घरी आणलं. दुकानामागच्या त्याच खोलीत पलंग टाकला. व्यायाम शिकवायला एक बाई यायची, जाडजूड, हसरी, हुकमी आवाजाची. तिनं आल्या आल्या सगळ्यांना ओळीत उभं केलं. "हे बघा, मेंदू शिकतो. जे गेलं ते आजूबाजूचा भाग थोडं थोडं उचलतो. पण त्याला तसं कारण द्यावं लागतं. डावीकडून बोलायचं, डावीकडून भरवायचं, डावा हात चोळायचा. यांच्या सगळ्यात जिव्हाळ्याचं जे माणूस असेल त्याला डावीकडे बसवा. ज्याच्याकडे वळून बघावंसं वाटेल असं."

भाच्यानं ताईकडे पाहिलं. सुनेनं ताईकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. ताईनं काजं करायची आपली खुर्ची उचलली आणि पलंगाच्या डावीकडे नेऊन ठेवली.

व्यायामाच्या बाईनं डाव्या कडेला लाल फीत लावायला सांगितली. ताटाच्या डाव्या कडेला, पलंगाच्या डाव्या दांडीला, वर्तमानपत्राच्या डाव्या बाजूला. लाल दिसेपर्यंत मान फिरवायची, हा नियम. ताईनं फिती शिवल्या. आपल्या बाहीलाही एक शिवली, मास्तरांच्या बाजूला येईल अशी.

आणि मग जे सुरू झालं ते मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, कारण ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस, आजारी जिकडे बघत असेल तिकडेच जाऊन उभा राहतो. दारही उजवीकडे. त्यामुळे येणारा जाणारा, औषध देणारी सून, दुकानातलं विचारायला येणारा मुलगा, सगळे उजवीकडे. सगळ्यांना मास्तरांचं हसू मिळायचं, 'ये, बस' मिळायचं. डावीकडे ताई. त्यांना पुसायची ती, कूस वळवायची ती, भांडं धरायची ती. मास्तर उजवीकडच्या भिंतीशी बोलत असायचे.

ताट यायचं. मास्तर उजव्या अर्ध्यातला भात संपवायचे, डावीकडची भाजी तशीच, आणि कुरकुरायचे, "अर्धपोटी ठेवतात मला." ताई ताट नुसतं अर्धं फिरवायची. "अरे, आणखी आणलंस होय!" म्हणत ते सुनेकडे कौतुकानं बघायचे. सून पाण्याचा ग्लास घेऊन उभी असायची, एवढाच तिचा गुन्हा.

बोलणं तर त्याहून अवघड. डावीकडून बोलत राहा, असा हुकूम होता. मूग गिळून जन्म काढलेली माझी बहीण बोलायला लागली. गल्लीत काय झालं, दुकानात कोण आलं, पोराच्या लहानपणी त्यानं मापाची टेप कात्रीनं कापली होती ते. इतकं छान बोलायची, की मी दारात उभी राहून ऐकायचे. मास्तरही ऐकायचे, हसायचे, आणि उजवीकडे मान करून टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या सुनेला उत्तर द्यायचे.

"सूनबाई, किती निगुतीनं सांगतेस गं. तुझ्या सासूला असं बोलणं कधी सुचलं नाही."

"बाबा, मी नाही, आईच बोलतायत," सून कळवळून म्हणाली.

"बघा," मास्तर म्हणाले, "श्रेयसुद्धा घेत नाही पोरगी."

मी डॉक्टरणीला विचारलं, हे काय नवीन? ती म्हणाली, नवीन नाही. शब्द कानात जातात, अर्थही कळतो, पण आवाज कुठून आला हे मेंदू ठरवतो. यांच्या मेंदूत डावीकडे जागाच नाही. मग आवाज जिथं जागा आहे तिथं जाऊन बसतो. उजवीकडे जो कुणी असेल, त्याच्या नावावर.

सुनेचा यात काही दोष नाही, हे मी लिहून देईन. ती बिचारी पुढे पुढे खोलीत यायचंच टाळायला लागली. तर मास्तर म्हणायला लागले, सूनबाईला इतकं काम पडतं, तिच्या सासूनं हात लावायला नको?

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. इथं नावडतीनं मीठ घातलं होतं हेच कुणाला कबूल नव्हतं.

एकदा व्यायामाची बाई म्हणाली, आज कोट घालायचा सराव करू, शिंप्याला कोटच हवा. ताईनं त्यांचा स्वतःचा कोट आणला, राखाडी, त्यांनीच बेतलेला. मास्तरांनी उजवा हात बाहीत घातला, कॉलर चाचपली आणि झालं म्हणून बसले. डावी बाही पाठीमागे लोंबत होती. मग बटणं लावायला उजव्या हाताची बोटं पुढे आली. बटणं सापडली. मास्तर खाली बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना, दुकानातला राग आला.

"बटणं आहेत, काजंच नाहीत. काजं केलीच नाहीत हिनं. एवढं एक काम होतं, तेही धड नाही."

त्या कोटाची काजं ताईनं नव्या नवलाईच्या दिवसांत केली होती. छातीवर फूल खोचायच्या काजाला तिनं दुहेरी रेशीम वापरलं होतं, हे तिनंच मला तेव्हा दाखवलं होतं, लाजत. तिनं पाठीमागची बाही पुढे घेतली, त्यांचा लुळा हात तीत घातला, डावी बाजू ओढून पुढे आणली आणि एकेक बटण काजात घालत गेली. मास्तर उजवीकडे बघत म्हणाले, "आता कसं, यंत्रावर टाकलं असतं तर हे झालं नसतं."

लोक म्हणतात, आजारी माणसावर रागावू नये. बरोबर आहे. पण माझ्या बहिणीची सगळ्यात मोठी लूट इथंच झाली, असं मला वाटतं. आधी तिला निदान रागावता आलं असतं. ती रागावली नाही तो तिचा मूर्खपणा, पण हक्क तरी तिच्याकडे होता. आता मास्तरांच्या दुर्लक्षाला डॉक्टरांचा दाखला मिळाला. आता ते चांगले आणि ती नुसती समजूतदार.

त्यानंतर वकीलसाहेब भेटायला आले. जुनं गिऱ्हाईक. अर्थात उजवीकडे बसले. मास्तरांच्या पलीकडे ताई बसलेली त्यांना दिसत होती. त्यांनी तिला मान लववून नमस्कारही केला. गप्पा झाल्या. मग वकीलसाहेबांनी सहज म्हटलं, "घरच्यांनी चांगलं सांभाळलं तुम्हाला."

"मुलानं, सुनेनं सांभाळलं," मास्तर म्हणाले. "बायकोचं विचारू नका. दवाखान्यात फिरकली नाही, इथंही नाही. साहेब, आजारी माणूस कुणाला हवा असतो? जन्मभर खाऊ घातलं, आता तोंड दाखवत नाही."

वकीलसाहेबांना कुठं बघावं ते कळेना. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. ताईनं पांघरूण सरळ केलं.

मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "खुर्ची उचल," मी म्हटलं. "उचल आणि उजवीकडे नेऊन ठेव. आत्ताच्या आत्ता. दिसू दे त्यांना थोबाड तुझं."

"मग डावी बाजू सुधारायची कशी?"

"नाही सुधारली तर नाही सुधारली! तू कोण, त्यांची फीत आहेस का लाल?"

ताई ओट्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. "हे बघ," ती हळू म्हणाली, "आधी बघत नव्हते ते बघत नव्हते. त्याला औषध नव्हतं. ह्याला आहे. ती बाई म्हणते मान फिरेल. एकदा फिरली की समोर मीच आहे ना? दुसरं कोण आहे तिकडे? त्यांनी एकदा माझ्याकडे बघून म्हटलं पाहिजे, तू होतीस. तेवढंच. तेवढं झालं की मला काही नको."

माझी बहीण वेडी नाही. तिनं नवऱ्याच्या मेंदूवर पैज लावली होती. नवऱ्यावर लावण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

दुपारी मास्तर झोपायचे. जागेपणी त्यांची मान उजवीकडे ताठ असायची, झोप लागली की सैल पडायची आणि हळूहळू कलंडून डावीकडे यायची. चेहरा सगळा ताईकडे, हातभर अंतरावर. त्या वेळी ती सुई-दोरा खाली ठेवायची आणि बघत राहायची. मी एकदा अचानक आत गेले, तर तिनं बाहीवरची फीत सारखी केल्याचं सोंग केलं. लग्नाच्या बायकोला नवऱ्याकडे चोरून बघावं लागत होतं.

डॉक्टरीण एकदा घरी येऊन गेली, तेव्हा मास्तर असेच झोपले होते. ताईनं विचारलं, इतकी झोप चांगली का? डॉक्टरीण म्हणाली, "उत्तम. झोपेत मेंदू रिकामा बसत नाही. दिवसभराचं निवडतो. काही नीट ठेवून देतो, काही टाकून देतो. शिकलेलं झोपेतच पक्कं होतं."

"आणि जे दिवसा आत गेलंच नाही?" ताईनं विचारलं.

"ते कसं ठेवणार?" डॉक्टरीण पटकन म्हणाली. मग तिनं ताईकडे पाहिलं, आणि औषधाच्या बाटल्या उगाच सरळ केल्या.

मला वाटतं ताईला त्याच दिवशी उत्तर मिळालं होतं. पण माणूस उत्तर मिळालं म्हणून आशा सोडत नाही.

मान फिरायला लागली. आधी पलंगाच्या मध्यापर्यंत, मग हळूहळू पुढे. ताटातली भाजी संपायला लागली. वर्तमानपत्राच्या ओळी अर्ध्यातून वाचून 'काय अडाण्यासारखं लिहितात' म्हणणारे मास्तर ओळीच्या सुरुवातीला पोचायला लागले. घड्याळात नऊ आणि दहा आपल्या जागी परतले. ज्या दिवशी त्यांना पलंगाच्या दांडीवरची लाल फीत दिसली, त्या दिवशी ते ओरडले, "लाल!" व्यायामाच्या बाईनं टाळ्या वाजवल्या. ताईनं बाहीवरची फीत जरा पुढे केली. ती काही त्यांना दिसली नाही. पण त्या दिवशी ताईनं केस नीट विंचरले होते, हे मला दिसलं.

आणि तो दिवस आला. आम्ही सगळे होतो. व्यायामाची बाई पायथ्याशी, भाचा आणि सून उजवीकडे, मी दारात. व्यायामाची बाई म्हणाली, "मास्तर, फीत दिसली? आता तिच्याही पुढे." मास्तरांच्या मानेची शीर ताणली गेली. नजर फितीवर आली, थबकली, फीत ओलांडून पुढे गेली. बाहीवर आली. बाहीवरून वर चढली. आणि ताईच्या चेहऱ्यावर थांबली.

ताईचे डोळे भरून आले होते. ती पुढे वाकली.

मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तू?" ते म्हणाले. "आत्ता उगवलीस? इतके दिवस कुठं होतीस?"

भाचा पुढे झाला. "बाबा, काय बोलताय? आई इथंच होती. पहिल्या दिवसापासून. या खुर्चीत. तुम्हाला दिसत नव्हती, आजारच तसा होता. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का?" व्यायामाची बाईही समजावू लागली. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही माझं म्हणता ते सगळं आईंनी केलंय, मी काही केलं नाही." ती रडायला लागली.

मास्तरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. डोकं त्यांचं पहिल्यासारखं साफ होतं. पण त्या साफ डोक्यात ताई नव्हती. जी आठवण शिवलीच गेली नव्हती ती उसवून दाखवणार कुठून? त्यांच्या आठवणीत औषध देणारी सून होती, गोष्टी सांगणारी सून होती, आणि डावीकडे काहीही नव्हतं. रिकामी खुर्चीसुद्धा नव्हती.

"असेल," ते शेवटी म्हणाले. एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार न पटताच मान्य करावी तसे. "तुम्ही सगळे म्हणताय तर असेल. पण माझी नजर कधी चुकलेली नाही, गल्लीत कुणालाही विचारा. मी हिला पाहिली नाही. आणि काही म्हणा, सूनबाईनं माझ्यासाठी जिवाचं रान केलं, ते मी विसरणार नाही."

सून तोंड झाकून बाहेर पळाली.

मी तोंड उघडलं होतं. काय काय बोलणार होते ते इथं लिहिता येणार नाही. पण ताईनं हात वर करून मला थांबवलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आतच आटलं होतं.

"हो," ती म्हणाली, "केलं तिनं."

मग ती उठली. बाहीवरची फीत तिनं दोन बोटांत धरली आणि ओढली. टाके तिचेच, ते सहजासहजी निघेनात. तिनं कात्री घेतली, टाके कापले, फीत ताटाशेजारी ठेवली. खुर्ची उचलली आणि खिडकीशी नेली, जिथं ती पूर्वी असायची. तोंड रस्त्याकडे, पाठ खोलीकडे. भाच्यानं सगळ्यांसाठी चहा आणला होता. तिनं आपला कप घेतला आणि बसली. आधी त्यांना पाजून मग गार झालेला प्यायची तिची सवय. त्या दिवशी तिनं गरम प्यायला.

मास्तरांनी आपला चहा उजव्या हातानं घेतला, एक घोट प्यायला. मग त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी मान फिरवली. फीत दिसली. तिच्याही पुढे फिरवली, आजवर कधी गेली नव्हती इतकी, खांद्यापर्यंत. व्यायामाची बाई हरखून म्हणाली, "बघा, बघा, किती वळतायत!"

डावीकडे फरशीवर खुर्चीच्या पायांचे ठसे होते.

"अगं," मास्तर म्हणाले, "कुठं गेलीस?"

"इथंच आहे," ताई म्हणाली. तिनं मान फिरवली नाही.